चिठ्ठ्या फाडण्याआधी

सुरतेत रिंग रोडच्या कापड बाजारात, वराछ्याच्या हिरा बाजारात आणि लिंबायत-उधन्याच्या आमच्या खानदेशी वस्तीत एक मत इतके मुरले आहे की त्याला कोणी मत म्हणतच नाही, ते शहाणपण म्हणून चालते. धंदा बसला, देणी झेपेनाशी झाली आणि माणसाने कोर्टात नादारीचा अर्ज करायचे ठरवले, की चार अनुभवी लोक त्याला बाजूला घेऊन सांगतात, आधी कागद आवर. कच्च्या चिठ्ठ्या फाड, डायरी गायब कर, घर बायकोच्या नावावर चढव, सासऱ्याचे पैसे आधी मोकळे कर आणि मग वकिलाकडे जा. कागद जितका कमी, तितकी तपासणी कमी. हा सल्ला देणाऱ्यांत दलाल असतात, आडतिये असतात आणि सांगायला वाईट वाटते, पण काही हिशेबनीसही असतात.

पूर्वपक्ष लंगडा करून मांडला तर त्याचे खंडन फुकटचे ठरते. म्हणून आधी त्याची बाजू पुऱ्या ताकदीने मांडतो. पहिला मुद्दा रोखीचा. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम २६९ एसएसने वीस हजार किंवा त्याहून मोठे कर्ज रोखीने घ्यायला मनाई केली. ते मोडले तर कलम २७१ डी खाली कर्जाच्या रकमेएवढा दंड बसतो, आणि तो घेणाऱ्यावर बसतो, देणाऱ्यावर नाही. नादारीच्या अर्जात ‘मामाकडून रोख चार लाख’ असे लिहिणारा माणूस आपल्याच हाताने चार लाखांच्या दंडाची वाट मोकळी करतो. दुसरा मुद्दा असा की पाहतो कोण? जिल्हा न्यायालयात दिवाणी कामांचे ढीग पडलेले असतात. एका लूमवाल्याची तीन वर्षांची रोजमेळ उलटून पाहायला कोणाला सवड आहे? तिसरा मुद्दा मोठ्याने बोलला जात नाही, पण सगळ्यांत जोरकस तोच आहे. ‘उठलेली’ पार्टी दोन वर्षांनी दुसऱ्या नावाने, भाच्याच्या जीएसटी नंबरावर, त्याच मार्केटमध्ये गाळा घेऊन बसलेली पुष्कळांनी पाहिली आहे. तिला कोणी वह्या विचारल्या नाहीत.

या तिसऱ्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण मूळ चूक तिथे आहे. ती पार्टी उठली, म्हणजे पळाली. तिने कोर्टात अर्ज केलाच नव्हता. पळणाऱ्याला कागद नको असतो हे खरे, कारण त्याला कोणाच्याही प्रश्नाचे उत्तर द्यायचे नसते. अर्ज करणारा माणूस मात्र आपण होऊन प्रश्न विचारणाऱ्यांच्या पुढे जाऊन उभा राहतो आणि त्यांच्याकडून कर्जमुक्ती मागतो. बाजारातले शहाणपण पळणाऱ्याचा अनुभव उचलते आणि अर्ज करणाऱ्याला चिकटवते. दोघांची गरज एकमेकांच्या नेमकी उलट आहे.

सुरतेतला एकट्या मालकीचा व्यापारी आज कोणत्या कायद्याखाली अर्ज करतो, याबद्दलही गोंधळ आहे. २०१६ ची दिवाळखोरी संहिता आली, आता सगळे तिच्याखालीच, असे ठामपणे सांगणारे भेटतात. संहितेचा व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता. अशा जामीनदाराचे प्रकरण अहमदाबादच्या कंपनी न्यायाधिकरणात जाते. जुने कायदे रद्द करणारे संहितेचे कलम २४३ अजून अमलात आलेले नाही. म्हणून ज्याने कंपनीसाठी सही केलेली नाही, अशा कापडवाल्यासाठी, हिरेवाल्यासाठी, लूमवाल्यासाठी कायदा आहे १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम, आणि कोर्ट आहे अठवालाइन्सचे जिल्हा न्यायालय. मुंबईकरासाठी १९०९ चा वेगळा कायदा आणि उच्च न्यायालय. इंग्रजांनी केलेली ही शहर आणि मुफस्सल अशी वाटणी शंभर वर्षांनंतरही टिकून आहे.

या जुन्या कायद्याची घडण नीट पाहिली की बाजारू सल्ल्याचे पाय निखळतात. त्याचे पुढचे दार रुंद आहे. देणे निदान पाचशे रुपयांचे आहे आणि ते फेडता येत नाही, एवढे ऋणकोने प्रथमदर्शनी दाखवले की पुरे. छत्रपतसिंग दुगड विरुद्ध खरगसिंग लछमीराम या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने १९१६ मध्ये सांगितले की कायद्याच्या अटी पुऱ्या केलेल्या ऋणकोला नादार ठरवून घेण्याचा हक्कच आहे. त्याचे वर्तन वाईट होते म्हणून त्याला दारातूनच परत पाठवता येत नाही. वर्तनाचा विचार व्हायचा तो कर्जमुक्तीच्या वेळी. तो निकाल १९०७ च्या कायद्याखालचा होता, पण १९२० च्या कायद्याची रचनाही तशीच आहे. बाजाराचा समज इथेच फसतो. अर्ज दाखल झाला, कोणी काही विचारले नाही, म्हणजे सुटलो, असे माणसाला वाटते. खरी परीक्षा मागच्या दारावर असते, आणि ती द्यायला आपणच जावे लागते. कोर्टाने ठरवून दिलेल्या मुदतीत कर्जमुक्तीचा अर्ज केला नाही, तर नादारीचा हुकूमच रद्द होतो आणि धनको पुन्हा मोकळे सुटतात.

त्या मागच्या दारावर कलम ४२ उभे आहे. ते सावकाश वाचायला हवे. मालमत्तेतून रुपयाला निदान आठ आणे निघत नसतील, तर निर्भेळ कर्जमुक्ती देऊ नये, असे ते म्हणते. पण ज्या कारणांसाठी ऋणकोला जबाबदार धरता येत नाही अशा कारणांनी तूट आली असेल, तर अपवाद. नादारीच्या आधीच्या तीन वर्षांत त्या धंद्यात सामान्यतः ठेवल्या जातात तशा वह्या त्याने ठेवल्या नसतील, तर देऊ नये. आपण बुडालो हे कळूनही धंदा चालू ठेवला असेल, तर देऊ नये. आणि मालमत्ता कुठे गेली, तूट कशी पडली, याचा समाधानकारक खुलासा करता आला नाही, तरी देऊ नये. कागद आवरून झालेला माणूस यातल्या दोन पोटकलमांत नक्की सापडतो, आणि अपवादाचा आधार त्याने स्वतःच गमावलेला असतो.

हा अपवाद सुरतेत आज किती मोलाचा आहे ते बघा. रशियन हिऱ्यांवर जी-७ देशांनी २०२४ पासून निर्बंध घातले. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांनी नैसर्गिक मालाचा भाव खाली ओढला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क नेले. यातले काहीही महिधरपुऱ्यातल्या छोट्या कारखानदाराच्या हातात नव्हते. पण ‘मंदी होती साहेब’ एवढ्याने कोर्टाचे समाधान होत नाही, आणि होऊही नये. कोणत्या महिन्यात कोणत्या भावाने रफ घेतली, पॉलिश झालेला माल किती दिवस पडून राहिला, शेवटी किती तोट्याने गेला आणि मधल्या काळात व्याज किती चढले, हे तारखांनी दाखवावे लागते. मंदीची तारीख सगळ्या जगाला ठाऊक असते. आपल्या तोट्याची तारीख तिच्याशी जुळते की नाही, हे आपल्या वहीशिवाय कोण सांगणार? ज्या चिठ्ठ्या फाडायला सांगितल्या जातात, त्यांच्यातच हे उत्तर असते.

आता ‘पाहतो कोण’ हा मुद्दा. परदेशातले उदाहरण इथे कामाचे आहे. अमेरिकेने २००५ मध्ये दिवाळखोरीचा कायदा बदलला आणि वैयक्तिक अर्जांच्या लेखातपासणीची सोय केली. दर अडीचशे अर्जांमागे निदान एक अर्ज, तोही यदृच्छेने निवडायचा, शिवाय ज्यांचे उत्पन्न किंवा खर्च नेहमीच्या मापाबाहेर दिसतात असे काही. पैशांअभावी या तपासण्या मध्येमध्ये थांबवल्याही गेल्या. तिथल्या एखाद्याने शक्यतेचे गणित मांडून ‘आपल्यावर कशाला येईल’ म्हटले, तर ते मूर्खपणाचे म्हणता येणार नाही. आपल्याकडे अशी सोडत नाही. नादारीच्या अर्जाला स्वतंत्र लेखापरीक्षक नेमलेला नसतो, हे बाजार बरोबर सांगतो. पण कलम २४ खाली कोर्ट ऋणकोची त्याच्या वर्तनाबद्दल, व्यवहारांबद्दल आणि मालमत्तेबद्दल तपासणी करते, धनकोंच्या समक्ष करते, आणि हजर असलेल्या धनकोला प्रश्न विचारता येतात. कलम २२ खाली सगळ्या वह्या हजर करणे ऋणकोचे कर्तव्यच आहे. न्यायाधीशाला सवड नसेल, मालमत्तेवर नेमलेल्या रिसीव्हरला उत्साह नसेल, पण ज्याचे अठरा लाख बुडाले आहेत त्याला भरपूर सवड असते. आणि सुरतेत तो कुठल्या दूरच्या शहरात बसलेला नसतो. त्याच मार्केटच्या वरच्या मजल्यावर त्याचे दुकान असते, त्याच्या मुनिमाला आपला माल कोणाकडे गेला ते माहीत असते, आणि आपल्या मेहुण्याने गेल्या दिवाळीत कुठे फ्लॅट घेतला तेही. अमेरिकेत तपासणी सोडतीने येते, इथे ती वैराने येते.

शिवाय चिठ्ठीला दोन टोके असतात. आपल्याकडची फाडली तरी दुसऱ्याकडची राहते. २०१७ पासून तर तिसरे टोकही आले. आपण ज्याला माल विकला त्याच्या जीएसटी विवरणात आपले बिल दिसते, मालाच्या ट्रकचे ई-वे बिल निघालेले असते, बँकेचा उतारा बँकेत असतो. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या पुरात सुरतेतल्या अनेक दुकानांच्या वह्या खरोखर भिजून लगदा झाल्या. ‘वह्या पुरात गेल्या’ ही सबब मात्र त्यानंतर कितीतरी वर्षे कोरडी ठणठणीत राहिली. आता तिला अर्थ नाही. पूर बँकेच्या सर्व्हरमध्ये शिरत नाही.

उरतो तो पहिला मुद्दा, रोख कर्जाचा. इथे पूर्वपक्षाला मी अर्धे गुण देतो. दंडाची भीती खरी आहे, आणि सरकारी देणे कर्जमुक्तीनेही सुटत नाही. कलम ४४ तसे स्पष्ट म्हणते. पण म्हणून तो धनको यादीतून गाळायचा, हा निष्कर्ष चुकीचा आहे. गाळलेला धनको गप्प बसत नाही. तो आपली चिठ्ठी घेऊन कोर्टात येतो आणि मग दंडाचा धोका जिथल्या तिथे राहून, सत्यापनावर सही करून खोटी यादी दिल्याचा ठपका वर चढतो. त्यापेक्षा ‘वाजवी कारण’ दाखवून दंड टाळण्याची वाट त्याच आयकर कायद्याच्या कलम २७३ बी मध्येच आहे. रात्री दवाखान्यात भरलेले पैसे, बँक बंद असताना कारागिरांचा पगार, अशी कारणे जागच्या जागी लिहून ठेवलेली असली तर उपयोगी पडतात. म्हणजे इथेही सुटकेची वाट कागदातूनच जाते. हा प्रश्न अर्जाआधी कर सल्लागारापुढे उघडा करावा, अर्जानंतर नव्हे. आणि सावकार बिगरपरवाना असेल, तर २०११ च्या गुजरात सावकारी कायद्याची ढाल त्याच्यापुढे धरता येते, पण त्यासाठी त्याने किती दिले आणि किती उकळले याची नोंद लागतेच.

घर आणि सासरा यांचे काय? कलम ५३ नादारीच्या आधीच्या दोन वर्षांतली विनामोबदला हस्तांतरणे रिसीव्हरच्या अर्जावरून पाडू शकते. लग्नापूर्वी लग्नाच्या मोबदल्यात केलेले आणि खऱ्या खरेदीदाराला मोबदला घेऊन दिलेले, एवढेच त्यातून वाचते. सहा महिन्यांपूर्वी बायकोला बक्षीसपत्र करणाऱ्याने घर वाचवलेले नसते. त्याने आपला हेतू दुय्यम निबंधक कार्यालयात शिक्कामोर्तब करून नोंदवलेला असतो. कलम ५४ तीन महिन्यांतल्या पक्षपाती परतफेडीला हात घालते. मात्र इथे एक बारकावा आहे, तो बाजाराला सहसा ठाऊक नसतो. परतफेड त्या धनकोला झुकते माप देण्याच्या हेतूने झालेली असावी लागते. गळा धरून वसूल केलेल्या पैशांत ऋणकोचा तसा हेतू नसतो. व्याजखोराने दारात माणसे उभी करून नेलेले दोन लाख आणि सासऱ्याला प्रेमाने दिलेले दोन लाख कायद्याच्या नजरेत एकसारखे नाहीत. धमकीचे संदेश, पोलिसांत दिलेला अर्ज, हेही मग हिशेबाचेच कागद ठरतात.

हिऱ्याच्या धंद्यात याहून नाजूक एक जागा आहे, जांगडाची. माल पसंतीसाठी जांगडावर घेतला असेल तर विक्री पक्की होईपर्यंत तो मूळ मालकाचाच असतो. पण नादारी कायद्याचे कलम २८(३) असे की, खऱ्या मालकाच्या संमतीने नादाराच्या धंद्यातल्या ताब्यात असलेला आणि जग ज्याला त्याचाच समजते असा माल नादाराचाच धरला जातो. आता तिजोरीतली चाळीस पाकिटे कोणाची? जांगडाची रूढी बाजारात सर्वांना माहीत आहे, म्हणून नुसत्या ताब्यावरून कोणी मालक समजत नाही, असा युक्तिवाद करता येतो आणि तो वजनदारही आहे. पण कोणते पाकीट जांगडाचे आणि कोणते विकत घेतलेले, हे सांगणार जांगडाच्या पावत्याच. त्या फाडल्या तर स्वतःच्या देण्यापायी माणूस दुसऱ्याचा माल बुडवतो, आणि मग विश्वासघाताची फौजदारी तक्रार वेगळी. नादारीचे संरक्षण फौजदारीला लागू पडत नाही. धनादेश न वटल्याचा कलम ‘एकशे अडतीस’चा खटलाही त्याने थांबत नाही.

इथे एक विद्वान आक्षेप येईल, म्हणून आधीच घेतो. सुट्या चिठ्ठ्या ही हिशेबाची वही नव्हे, असे १९९८ मध्ये जैन डायऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले आहे. मग त्या सांभाळून उपयोग काय? त्या खटल्यात प्रश्न होता एकाच्या नोंदीवरून दुसऱ्याला जबाबदार धरण्याचा. नादारीत ऋणको स्वतःच्या पैशांचा माग दाखवत असतो आणि त्याला बँक, बिले, साक्षीदार यांची जोड असते. तरीही निकालातून घ्यायचा धडा आहेच. चिठ्ठी त्या त्या दिवशी रोजमेळीत चढवा, नियमित क्रमाने. शेवटच्या महिन्यात एकाच शाईने, एकाच बैठकीत तीन वर्षांची वही लिहून काढायची मुनिमी कला जुनी आहे. ती ओळखण्याची वकिली कलाही तेवढीच जुनी. वही नसली तर कर्जमुक्ती अडते किंवा लांबते. खोटी वही हजर केली, किंवा लपवण्याच्या इराद्याने खरी नष्ट केली, तर कलम ६९ खाली वर्षभरापर्यंत कैद आहे. म्हणजे ‘आधी कागद आवर’ हा सल्ला माणसाला तुरुंगापासून वाचवत नाही. बऱ्याचदा तोच त्याला तिथवर पोचवतो. नुसत्या देणे न फेडण्यापायी, दानत वाईट नसताना, माणसाला दिवाणी तुरुंगात टाकता येणार नाही, हे जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात १९८० मध्येच ठरले आहे. दानत कशावरून कळते, हाच तेवढा प्रश्न उरतो.

मराठी माणसाला याचा इतिहासही जवळचा आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठली आणि कर्जरोखे जाळले. त्यांचा राग समजण्यासारखा होता, कारण तो कागद एकतर्फी होता, सावकाराने लिहिलेला आणि सावकाराकडेच राहणारा. पण १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने जो उपाय काढला तो कागद नाहीसा करण्याचा नव्हता. शेतकऱ्याला प्रत्येक भरण्याची पावती मिळाली पाहिजे, वर्षाचा हिशेब लेखी मिळाला पाहिजे, मागितले तर पासबुक मिळाले पाहिजे, आणि कोर्टाने रोख्यावरचा आकडा डोळे झाकून न मानता व्यवहाराचा इतिहास मुळापासून तपासला पाहिजे, असे त्यात होते. कागदाची दुसरी प्रत ऋणकोच्या हाती देणे, हे त्या कायद्याचे मर्म. सुरतेतला आजचा ऋणको ती प्रत आपल्या हाताने फाडतो आणि सावकाराची मात्र शाबूत ठेवतो. १८७५ पूर्वीच्या अवस्थेत तो आपखुशीने परत जातो.

मग तयारी करायची ती कोणती? तीन वर्षांची रोजमेळ आणि खातावही, तुटक असेल तर तुटकच, पण मूळची. जीएसटी आणि आयकराची विवरणे तिच्याशी ताडून पाहायची, आणि जिथे फरक निघेल तिथे तो का, हे स्वतःच लिहून ठेवायचे. दुसऱ्याने शोधलेला फरक लबाडी दिसतो, आपण सांगितलेला फरक चूक दिसतो. धनकोंच्या यादीत नातेवाईकही यायचे, गावाकडचेही. अमळनेरच्या काकाचे दीड लाख ‘घरचेच’ म्हणून गाळले जातात आणि नेमके तेच उलटतपासणीत निघतात. कापडवाल्याने परत आलेल्या मालाचा आणि वटावाचा वेगळा तक्ता करावा, कारण बिलाचा आकडा आणि हातात आलेला पैसा यांतली मोठी दरी तिथेच असते, आणि अनोळखी नजरेला ती चोरीसारखी दिसते. दागिने विकले असतील तर सराफाची पावती. लग्नात खर्च झाला असेल तर तो किती, आणि तेव्हा धंद्याची स्थिती काय होती. हा शेवटचा प्रश्न बोचरा आहे. अवास्तव खर्चाने बुडालेल्यालाही कलम ४२ अडवते, आणि आपल्या समाजात दिवाळे निघत असतानाही मुलीचे लग्न थाटात करण्याला अजून अब्रू म्हणतात.

एका जागी मात्र माझे हे सगळे मंडन तोकडे पडते. उधना-पांडेसऱ्यातला लूम कारागीर वही ठेवत नाही आणि कायदाही त्याच्याकडे धंद्याची वही मागत नाही. त्याची देणी बचत गटाच्या हप्त्यांची, मोबाइलवरच्या कर्ज-अॅपची, किराणावाल्याची. त्याचे कागद म्हणजे हप्त्याचे कार्ड, अॅपचे उतारे आणि पगार रोखीने मिळत असेल तर ठेकेदाराची आठवण. १९२० च्या मूळ कायद्यातली सोपी, संक्षिप्त कारवाई पाचशे रुपयांच्या आतल्या मालमत्तेसाठी होती. त्याच्यासारख्यांसाठी २०१६ च्या संहितेत ‘नवी सुरुवात’ नावाची प्रक्रिया लिहिली गेली, पण ती अजून लागूच झालेली नाही. झाली तरी तिची अट वार्षिक उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत आणि देणे पस्तीस हजारांच्या आत अशी आहे. महिना पाच हजारांच्या वर कमावणाऱ्या कारागिराला त्या दारातून आत जाता येणार नाही, मग त्याने कागद कितीही नीट ठेवलेले असोत.